कांदा, द्राक्षे आणि सरकारचा हात

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांच्या साठ्यावर सरकार यापुढे ऊठसूट मर्यादा घालणार नाही, फळे-भाज्यांचे भाव दुपटीवर गेले तरच हस्तक्षेप करील, असे ती दुरुस्ती सांगत होती. २३ ऑक्टोबरला भाववाढीचे कारण देऊन साठ्यावर मर्यादा आलीच. आणि निर्यातबंदीला तर या दुरुस्तीतली कोणतीच अट लागू नव्हती. ती वेगळ्या कायद्याखाली, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली, एका अधिसूचनेने लागते आणि एका अधिसूचनेने उठते.

ही दुरुस्ती धरून त्या वर्षी आलेल्या कृषी कायद्यांवरून सुरू झालेला वाद कायदे मागे घेतल्यावरही शमलेला नाही. एक बाजू म्हणते, शेती बाजारावर सोडा आणि सरकारने चालते व्हावे. दुसरी म्हणते, सरकार बाजूला झाले की व्यापारी शेतकऱ्याला गिळतील. दोन्ही बाजू सरकार किती असावे याची मापे काढत बसतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात एक हंगाम काढला, तर हे माप किती अपुरे आहे ते कळते.

तिथल्या लासलगावच्या बाजार आवारात सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापारी ट्रॉलीच्या कडेने सरकत जातात, ढिगात कोपरापर्यंत हात घालून खालचा कांदा वर काढतात, साल चोळतात, मान दाबून बघतात. क्विंटलवर बोली चढते आणि पाहता पाहता सौदा होतो. मग काटा, मग खळ्यावर माल खाली करणे, मग हिशेबपट्टी. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने टिकतो, त्यामुळे शेतकऱ्याला थोडे थांबता येते. लाल कांद्याला ती सवड नाही. काढला की विकावा लागतो.

८ डिसेंबर २०२३ ची निर्यातबंदी या लाल कांद्यावर कोसळली. लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला. त्याआधी १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागले होते आणि ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत असेल असे सांगितले होते. ती पुढे वाढवली गेली. दरम्यान सरकारी सहकारी संस्थेमार्फत संयुक्त अरब अमिराती आणि बांगलादेशाला ६४,४०० टन पाठवायची परवानगी निघाली. एप्रिलमध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मिळाली आणि नाशिक जिल्हा संतापला. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ४ मे रोजी, बंदी उठली. सोबत ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क आले. सप्टेंबरमध्ये अट गेली, शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ ला तेही गेले.

रोप टाकताना शेतकऱ्याला यातले काय माहीत असणार होते? काहीच नाही. पाऊस, करपा, मजुरी, डिझेल यांचा अंदाज तो बांधतो. दिल्लीत कोणाची फाइल कधी हलेल याचा अंदाज बांधायचे साधन त्याच्याकडे नसते. परदेशी गिऱ्हाइकाचीही तीच गत. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या कार्यक्रमात जाहीरपणे म्हटले होते की, आधी कळवले असते तर दुसरीकडून सोय केली असती. त्यांची मागणी कांदा द्याच अशी नव्हती. पूर्वसूचना द्या एवढीच होती.

हे दुखणे महाराष्ट्रात सर्वांत आधी आणि सर्वांत स्वच्छ मांडले ते शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले आणि स्वतःच्या शेतीचा हिशेब मांडून बसले. १९७८ साली चाकणला कांद्याचे पहिले आंदोलन झाले. माल विकून शेतकऱ्याच्याच अंगावर पैसे निघतात त्या उलट्या पट्टीला त्यांनी अर्थशास्त्राच्या चर्चेत आणले. सरकार शेतीला अनुदान देते हा समज खोटा आहे, ते भाव पाडून शेतीतून काढून घेते, हे त्यांचे म्हणणे आज अभ्यासकही मान्य करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती २ रुपयांचा धनादेश पडला, तेव्हा चाकणच्या हिशेबाची सर्वांना पुन्हा आठवण झाली.

जोशींच्या नावाने आज बोलणारे मात्र त्यांचा अर्धाच धडा सांगतात. सरकार हटले की बाजार आपोआप मोकळा होतो, असे ते म्हणतात. याच निफाडमध्ये आणि शेजारच्या दिंडोरीत द्राक्षे पिकतात. द्राक्षांच्या भावात सरकारने कधी हात घातला नाही आणि त्यांच्या निर्यातीवर कधी बंदी आणली नाही. २०१६ मध्ये राज्याने फळे-भाज्या नियमनमुक्त केल्या, पण द्राक्षांची बांधावरची खरेदी त्याआधीपासून चालत आली होती. बाहेरगावचा व्यापारी येतो, बाग बघतो, भाव ठरवतो, पहिले काही पैसे रोख देतो. उरलेल्याचा धनादेश वटत नाही आणि हंगाम संपला की फोन बंद. दरवर्षी पोलीस ठाण्यात तक्रारींचा गठ्ठा पडतो. बाजार समितीच्या आवारात परवाना, तारण आणि चुकाऱ्याचे नियम तरी आहेत. बांधावर काहीच नाही. दिवाणी दावा लावायचा तर छाटणीपासून औषध फवारणीपर्यंतचे काम सोडून किती वर्षे तारखांना जायचे? करार पाळला गेलाच पाहिजे अशी सोय नसेल, तर त्या बाजाराला मोकळा म्हणण्यात अर्थ नाही.

द्राक्षांच्या बाबतीत सरकारने एक गोष्ट मात्र उत्तम केली आहे. युरोपने औषधांच्या अंशांवरून माल नाकारायला सुरुवात केल्यावर शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, अपेडाने, २००६ च्या सुमारास ग्रेपनेट ही नोंदणी-तपासणीची व्यवस्था उभारली. निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर लक्ष ठेवते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या औषधाच्या अंशांवरून युरोपात माल अडकला आणि बागायतदारांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर तपासणीची यादी वाढली. कोणते औषध किती दिवस आधी थांबवायचे, हे बागायतदाराला हंगामाआधी लेखी मिळते. नियम कडक आहेत, खर्चिकही आहेत. पण ते मध्येच बदलत नाहीत आणि सगळ्यांना सारखे लागू होतात.

सरकारचे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर १९२३ सालच्या एका पुस्तकात फार नेमके सापडते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पदवीसाठी लिहिलेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अर्थशास्त्रज्ञ केन्सशी सरळ वाद घातला आहे. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी टांकसाळी लोकांना बंद झाल्या आणि किती रुपये पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर गेले. केन्सला या व्यवस्थेत शहाणपण दिसले. आंबेडकरांना त्यात बेबंदपणा दिसला. रुपये वाढले की किमती चढतात आणि मजुरीवर जगणारा भरडला जातो. म्हणून टांकसाळी सरकारलाही बंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ साली चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी ते मांडले.

त्यामागचे कारण कांद्याला जसेच्या तसे लागू पडते. खासगी बँकेने बेफिकीरपणे चलन काढले तर तिचे स्वतःचे भांडवल बुडते. सरकारी अधिकाऱ्याचा निर्णय चुकला तर त्याचे काहीच बुडत नाही, म्हणून त्याच्या हाती मोकळी सत्ता देणे अधिक धोक्याचे. निर्यातबंदीच्या अधिसूचनेवर सही करणाऱ्याच्या घरचा एकही कांदा सडत नाही.

याच आंबेडकरांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती, विमा आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा असे लिहिले. बाजारवादी हे पुस्तक झाकून ठेवतात, समाजवादी पहिले. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर धागा अखंड दिसतो. राज्य समाजवादही त्यांना राज्यघटनेतच लिहून हवा होता, म्हणजे एखादे बहुमत आले आणि त्याने तो मोडला असे होऊ नये. १९२३ मध्ये रुपयाबाबत आणि १९४७ मध्ये जमिनीबाबत त्यांची चिंता एकच होती: सत्तेचा हात आधी लिहिलेल्या नियमाने बांधलेला असावा. त्यांचा राज्य समाजवाद न पटणाऱ्यालाही ही कसोटी वापरता येते. ग्रेपनेट तीत उतरते, ८ डिसेंबरची बंदी नापास होते आणि बांधावरच्या खरेदीकडे डोळेझाक हीसुद्धा नापास होते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप गरीब ग्राहकाचा आहे. तो हलक्यात घेता येणार नाही, कारण बाजारात हात न घालण्याच्या हट्टाने या दख्खनने माणसे मरताना पाहिली आहेत. १८७६-७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनच्या सरकारने धान्यव्यापाराला हात लावला नाही. देशाबाहेर धान्य जात राहिले आणि त्या सरकारने पाठवलेल्या रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. मजुरांनी कामे सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. ॲडम स्मिथचे धान्यव्यापारावरचे प्रकरण त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या हाती निर्दयतेचे समर्थन झाले. पण त्यातून दुष्काळ संहिता निघाली आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राची रोजगार हमी. दोन्हींनी भुकेल्याच्या हातात मजुरी दिली. त्यासाठी पैसा तिजोरीतून गेला, शेजारच्या शेतकऱ्याच्या खिशातून काढला नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या कुटुंबाला कांदा परवडत नसेल, तर त्याची भरपाई सगळ्या करदात्यांनी करावी. ती एकट्या चांदवड-येवल्याकडून वसूल करणे अन्याय आहे.

कोणते सरकार आपलेच हात बांधून घेईल, असे विचारले जाते. या देशात ते घडले आहे. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायदा दुरुस्त होऊन व्याजदर ठरवायला समिती नेमली गेली, महागाईचे उद्दिष्ट ४ टक्के आणि दोन्हीकडे २ टक्क्यांची मुभा असे कायदेशीर झाले. सलग तीन तिमाही ते चुकले तर बँकेने सरकारला लेखी कारणे द्यायची. २०२२ मध्ये ती वेळ आली आणि बँकेला ते करावे लागले. रुपयाला जे मिळाले ते कांद्याला का मिळू नये?

तसा कायदा लांबलचक असायची गरज नाही. कोणत्या भावाला आणि किती दिवसांसाठी निर्यात रोखता येईल हे आधी लिहिलेले असावे. लागवडीपूर्वी सूचना मिळावी. झालेले करार आणि बंदरात पोचलेले कंटेनर वगळावेत. एखाद्या राज्याला किंवा देशाला मध्येच वेगळी वाट नसावी. त्यापलीकडे जाऊन बंदी घालायचीच असेल, तर भावातला फरक केंद्राने शेतकऱ्याला भरून द्यावा. द्राक्षासाठी बांधावर खरेदी करणाऱ्याची नोंदणी, बँकेची हमी आणि तालुक्यातच ठरावीक मुदतीत निवाडा हवा. ऑक्टोबर छाटणीच्या बागांची काढणी जानेवारीत सुरू होते. खरेदीदारांची नोंदणी त्याआधी सुरू करायला राज्य सरकारला दिल्लीची परवानगी लागत नाही.