मिरवणुकीत नवे कोण?

सप्टेंबर २००५ मध्ये हाँगकाँगच्या डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. पात्रांची मिरवणूक निघाली होती आणि डिस्ने कंपनीची सूत्रे हाती घेणारे बॉब आयगर ती पाहत उभे होते. पाहता पाहता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मागच्या दहा वर्षांत जन्मलेली म्हणून जी पात्रे समोरून जात होती, ती जवळपास सगळी पिक्सारची होती. डिस्नेच्या स्वतःच्या चित्रशाळेने दहा वर्षांत मिरवणुकीत चालण्याजोगे फारसे कोणी जन्माला घातले नव्हते. हा प्रसंग आयगर यांनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. चारच महिन्यांनी त्यांनी ७.४ अब्ज डॉलरना पिक्सार विकत घेण्याचा करार जाहीर केला.

डिस्ने भरभराटीत आहे की उतरणीला लागली आहे, हा वाद अमेरिकेत काही वर्षे चालू आहे. बुडते म्हणणारे समभागाचा भाव दाखवतात. मार्च २०२१ मध्ये तो २०० डॉलरच्या घरात होता. पुढे निम्म्याहूनही खाली आला. २०२३ मध्ये 'द मार्व्हल्स' आणि 'विश' पडले, २०२५ मध्ये नव्याने केलेली हिमगौरी पडली. भरभराट म्हणणारे ताळेबंद पुढे करतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न ९१ अब्ज डॉलरच्या वर गेले. 'इनसाइड आउट २' ने जगभरात १६९ कोटी डॉलर कमावले. २०२२ मध्ये एका तिमाहीत दीड अब्ज डॉलर गमावणारी प्रसारणसेवा आता नफा दाखवू लागली आहे. दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत. कंपनीने विशिष्ट विचारसरणी धरली म्हणून प्रेक्षक तुटला, हे तिथले राजकीय कारण मात्र मला पटत नाही. 'कोको' आणि 'मोआना' हे काही गोऱ्या राजकन्यांचे चित्रपट नव्हते, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले.

माझ्या मते मोजायचे ते वेगळेच आहे, आणि त्याचे माप हाँगकाँगच्या त्या रस्त्यावर आयगर यांना सापडले होते.

या कंपनीचा धंदा कसा चालतो, हे तिनेच १९५७ मध्ये एका नकाशात काढून ठेवले आहे. मधोमध चित्रपट, आणि तिथून निघणारे बाण: एक उद्यानाकडे, एक दूरचित्रवाणीकडे, एक संगीताकडे, एक खेळण्यांकडे, एक चित्रकथांकडे. बाण उलटेही येतात. सगळे एकमेकांना पोसतात. पण मध्य एकच. आज कमाई पाहिली तर तो मध्य हललेला दिसतो. २०२४ च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या सर्व विभागांचा मिळून नफा १५.६ अब्ज डॉलर होता आणि त्यातले ९.३ अब्ज उद्याने, पर्यटन-जहाजे आणि वस्तुविक्रीच्या विभागाने आणले. रुपयातले साठ पैसे. दहा वर्षांत याच विभागात ६० अब्ज डॉलर घालण्याचे कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले आहे.

यात वाईट काय, असे कोणीही विचारील. एरवी काहीच नाही. पण उद्यानात आलेली माणसे पाहावीत. १९९४ मध्ये आठ वर्षांची असताना ज्यांनी 'द लायन किंग' पाहिला, ती आज चाळिशीत आहेत. मुलांचा हात धरून तीच रांगेत उभी राहतात. मुलाला सिंह दाखवायचा असतोच, पण त्यांना स्वतःलाही पुन्हा एकदा तिथे जायचे असते. त्यांनी मोजलेला पैसा हा तीस वर्षांपूर्वीच्या पेरणीचे पीक आहे. जत्रेतला पाळणा कुठल्याही गावात उभा करता येतो; त्याच्यासाठी माणूस समुद्र ओलांडून येतो तो गोष्टीमुळे.

आणि हे पीक आता फार कठोरपणे कापले जात आहे. १९९९ पासून डिस्नेच्या उद्यानांत रांग टाळण्याचा परवाना तिकिटाबरोबर फुकट मिळत असे. महासाथीनंतर त्याला पैसे पडू लागले. फ्लोरिडात २०२४ मध्ये जो सर्वांत वरचा परवाना सुरू झाला त्याचा दर माणशी, दिवसाला, ४४९ डॉलरपर्यंत ठेवला गेला. प्रवेशाचे तिकीट त्याहून वेगळे. कॅलिफोर्नियाच्या मूळ डिस्नेलँडमध्ये गर्दीच्या दिवसांत तेच २०० डॉलरच्या पुढे आहे. हिशेबनीसाच्या नजरेने हे शहाणपणाचे आहे, कारण गर्दी तेवढीच राहून उत्पन्न वाढते. मला त्यात धोका दिसतो. या दरांमुळे जे कुटुंब घरीच राहिले, त्यातल्या मुलाला तीस वर्षांनी आपल्या मुलाला घेऊन तिथे जावेसे का वाटेल?

डिस्नेवर अशी वेळ पूर्वीही आली होती, आणि ती कहाणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने वारले. थोरले बंधू रॉय यांनी निवृत्ती लांबवून फ्लोरिडाचे उद्यान १९७१ मध्ये उभे केले आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढची बारातेरा वर्षे उद्याने चालली, पैसा येत राहिला आणि चित्रपट मात्र विझत गेले. हाताखालच्या माणसांना एकच प्रश्न पडे: वॉल्ट असते तर त्यांनी काय केले असते? या प्रश्नाचे उत्तर नेहमी जुनेच येते. १९८४ मध्ये सॉल स्टाइनबर्ग या धनिकाने कंपनी ताब्यात घेऊन तिचे तुकडे विकायचा घाट घातला. जमीन आणि जुने चित्रपट यांची सुटी किंमत चालत्या कंपनीपेक्षा जास्त भरेल, असा त्यामागचा हिशेब होता. उत्पन्न चालू असताना कंपनी आतून किती पोकळ होऊ शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नसेल.

त्यातून डिस्ने सावरली ती कशी? कंपनीचे नवे प्रमुख म्हणून मायकल आयस्नर आणि फ्रँक वेल्स आले, तिकिटांचे दर वाढवले, जुने चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आणले. त्याने श्वास परत आला. जीव परतला तो मात्र ग्लेनडेलच्या गोदामवजा इमारतींमध्ये. १९८५ मध्ये 'द ब्लॅक कॉल्ड्रन' पडला त्या सुमारास चित्रकारांना बर्बँकच्या मूळ आवारातून, वॉल्ट यांनी त्यांच्यासाठीच बांधलेल्या इमारतीतून, उचलून तिथे नेऊन बसवले होते. आपला विभागच बंद होणार अशी धास्ती त्यांच्यात होती. तिथे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून हॉवर्ड अ‍ॅशमन आणि अ‍ॅलन मेंकेन ही गीतकार-संगीतकार जोडी आली, आणि १९८९ मध्ये 'द लिटल मर्मेड' बाहेर पडला. मग 'ब्यूटी अँड द बीस्ट', ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. तसे मिळालेला तो पहिला अ‍ॅनिमेशनपट. तो पूर्ण झालेला पाहायला अ‍ॅशमन उरले नाहीत. मार्च १९९१ मध्ये, चाळिसाव्या वर्षी ते गेले. आजची चाळिशीतली पिढी डिस्नेशी बांधली गेली ती या गोदामांत बसून काढलेल्या चित्रांनी.

आयगर यांचा उपाय निराळा होता. पिक्सारनंतर त्यांनी २००९ मध्ये मार्व्हल आणि २०१२ मध्ये लुकासफिल्म अशा प्रत्येकी सुमारे चार अब्ज डॉलरच्या खरेद्या केल्या, आणि २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग ७१ अब्जांना घेतला. त्या एका वर्षात आलेल्या डिस्नेच्या सात चित्रपटांनी शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. सातही चित्रपट आधीच्या कथांचे पुढचे भाग, नव्या आवृत्त्या किंवा मार्व्हलच्या साखळीतले दुवे होते. विकत घेतलेल्या शेतालाही पेरावे लागते. मार्व्हलकडून मालिका आणि चित्रपट इतके काढून घेतले गेले की प्रमाण वाढल्याने लक्ष विखुरले, हे २०२३ मध्ये आयगर यांनीच कबूल केले.

स्वतःच्या नव्या गोष्टींची हेळसांड मात्र कोणी धनिकाने लादली नव्हती. 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे पिक्सारचे तिन्ही नवे कोरे चित्रपट डिसेंबर २०२० ते मार्च २०२२ या काळात अमेरिकेत चित्रपटगृहांना वगळून थेट घरच्या पडद्यावर टाकले गेले. ग्राहकसंख्या फुगवायची होती. पिक्सारचा चित्रपट घरबसल्या येतो, हे आईबापांना कंपनीने स्वतः शिकवले. नंतर 'एलिमेंटल' आला तेव्हा पहिल्या आठवड्यात गर्दी झाली नाही. पण तोंडी प्रशंसेवर तो जवळपास ५० कोटी डॉलरपर्यंत चढला. नव्या गोष्टीला दम धरून चालू दिले तर ती चालते, हे त्याने दाखवले. तरीही जून २०२५ मध्ये आलेल्या 'एलिओ'ची सुरुवात पिक्सारच्या इतिहासात सर्वांत कमी कमाईची ठरली.

आपल्याकडचा अनुभवही याच जातीचा आहे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर डिस्नेचा हिंदी बोलणारा बदक, अंकल स्क्रूज, रविवारी घरोघर येत असे. त्या रविवारांची ओढ माझ्या पिढीला अजून आहे. २०१२ मध्ये डिस्नेने मुंबईची यूटीव्ही ताब्यात घेतली. 'मोहेंजो दारो' पडल्यावर २०१६ मध्ये हिंदी चित्रपटनिर्मिती बंद करायचे ठरवले. त्याच डिसेंबरात आधीच हाती घेतलेला, आमिर खान यांच्यासह केलेला 'दंगल' आला आणि केवळ भारतात नव्हे तर चीनमध्येही तुफान चालला. पुढे फॉक्सबरोबर स्टार इंडिया आली आणि काही वर्षे 'स्टार प्रवाह'च्या मराठी मालिकाही डिस्नेच्या छत्राखाली होत्या, याची संध्याकाळी दिवाणखान्यात बसलेल्या प्रेक्षकांना जाणीवही नसेल. २०२२ मध्ये आयपीएलचे डिजिटल हक्क व्हायकॉम १८ कडे गेले. हॉटस्टारचे सहा कोटींवर पोचलेले ग्राहक वर्षभरात चार कोटींच्या खाली आले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हा सारा व्यवसाय रिलायन्सबरोबरच्या भागीदारीत विलीन झाला. डिस्नेकडे सुमारे ३७ टक्के हिस्सा उरला. एवढ्या मोठ्या देशात दोनदा पाय ठेवून तिने आपले म्हणावे असे एकही भारतीय पात्र लहान मुलांच्या मनात रुजवले नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते.

तेव्हा माझा निर्णय असा. डिस्ने पैशाने भरभराटीत आहे आणि आणखी दहा-पंधरा वर्षे राहील. पण आज तिच्याकडे जे धान्य दळले जाते आहे, त्यात बियाण्याचे दाणेही आहेत. २०२४ आणि २०२५ मध्ये तिचे जे चित्रपट जोरात चालले, 'इनसाइड आउट २', 'मोआना २', 'लिलो अँड स्टिच', त्यांतला एकही नवी गोष्ट सांगत नाही. २०२५ मध्ये मुलांना वेड लावणारी नवी गोष्ट आली ती 'के-पॉप डीमन हंटर्स'; ती सोनीच्या चित्रशाळेत बनली आणि नेटफ्लिक्सवर दिसली.

डिस्नेच्या स्वतःच्या सेवेवर लहान मुले सर्वांत जास्त काय पाहतात? 'ब्लूई' नावाच्या कुत्र्याच्या निळ्या पिल्लाची मालिका. २०२४ मध्ये अमेरिकेत सर्व प्रसारणसेवा मिळून सर्वाधिक मिनिटे पाहिली गेलेली मालिका तीच होती. ती ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत तयार होते आणि जगभरातल्या वितरणाचे व वस्तुविक्रीचे हक्क बीबीसी स्टुडिओजकडे आहेत. तिचा चित्रपट २०२७ मध्ये यायचा आहे. तो चित्रपटगृहांपर्यंत पोचवण्याचे काम डिस्नेने घेतले आहे.