कायमनिधी मागायचा कुणाकडे?

वाराणसीजवळच्या रामनगर किल्ल्यासमोर, गंगेच्या पैलतीरावर बनारस हिंदू विश्वविद्यालयाचा परिसर पसरला आहे. त्यासाठी सुमारे १३०० एकर जमीन दिली ती रामनगरच्याच काशीनरेश प्रभुनारायण सिंह यांनी. अ‍ॅनी बेझंट यांनी १८९८ मध्ये काढलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजलाही त्यांनीच जागा दिली होती. आधीच्या दानाचे काय झाले, हे त्यांना रोज पाहता येत होते. मोठा दाता असाच, वर्षानुवर्षांच्या विश्वासातून मिळतो.

विद्यापीठासाठी देणगी मागायला गेलेल्या पंडित मदनमोहन मालवीय यांना निजामाने जोडा दिला, ही आख्यायिका लोक चवीने सांगतात. खरे श्रम त्या गोष्टीत झाकून जातात. १९११ च्या डिसेंबरात हिंदू युनिव्हर्सिटी सोसायटीची रीतसर नोंदणी झाली, दरभंग्याचे महाराज रामेश्वर सिंह अध्यक्ष झाले. आधी ५० लाख रुपये उभे करा, अशी सरकारची अट होती. संस्थानिकांच्या थैल्या आल्या, तशा सामान्यांच्या वर्गण्याही आल्या. १९१५ मध्ये कायदा झाला आणि ४ फेब्रुवारी १९१६ रोजी कोनशिला बसली.

दोनच दिवसांनी, त्याच सोहळ्यातल्या एका सभेत, गांधीजींनी दागिन्यांनी मढलेल्या राजेरजवाड्यांना समोरासमोर सुनावले. बेझंटबाईंनी त्यांना थांबवण्याचा प्रयत्न केला, राजेमहाराजे उठून गेले, सभा मोडली. विद्यापीठ मात्र मोडले नाही.  जमीन आणि निधी एकदा संस्थेच्या नावावर झाला की एखाद्या दात्याच्या रागालोभावर तिचे जगणे अवलंबून राहत नाही, ही या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब.

महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणासाठी झटणारे धोंडो केशव कर्वे याच वाटेने चालत होते. पुण्याजवळ हिंगण्याला असलेल्या त्यांच्या आश्रमाला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले. १९१६ मध्ये त्यांचे महिला विद्यापीठ निघाले, ते छोट्या-छोट्या वर्गण्यांवर. १९२० मध्ये उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली. साडेतीन टक्के व्याजाने वर्षाला ५२,५०० रुपये. बदल्यात विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे नाव मिळाले. सौदा वाईट नव्हता. दरवर्षी हात पसरण्यातून विद्यापीठाची बरीच सुटका झाली.

आज हीच देणगी एखाद्या कंपनीने द्यायची ठरवली, तर ती सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली जाणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. पण २०२१ च्या नियमबदलानंतर संस्थेच्या कायमनिधीत, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या निधीत, टाकलेले पैसे या खर्चात मोजत नाहीत. पैसा पडून न राहता कामाला लागावा, हा त्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. परिणाम असा की या मार्गाने शाळेला संगणक मिळतात, ते चालवणाऱ्या शिक्षकाचा पाचव्या वर्षाचा पगार मिळत नाही. प्रकल्प संपतो, माणसे पांगतात, शिकलेले वाया जाते.

म्हणून कायमनिधी मागायचा तो व्यक्तींकडे: उद्योग विकून मोकळे झालेल्यांकडे, परदेशात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे, वारस नसलेल्या वृद्ध दांपत्यांकडे. त्यांना हा कंपनी कायदा बांधत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांसाठी परकीय देणग्यांचा कायदा आड येतो, तेव्हा त्या कायद्याखालची नोंदणी संस्थेने आधीच करून ठेवावी. आणि त्यांच्याकडे जाताना सत्काराची शाल नेण्याऐवजी दहा वर्षांचे तपासलेले हिशेब न्यावेत, किती रकमेच्या व्याजावर कोणते काम कायमचे चालेल याचा आकडा न्यावा. नावाची पाटी खुशाल लावावी. अभ्यासक्रम, नेमणुका आणि व्यासपीठावर कोण काय बोलेल, हे मात्र दात्याच्या हाती देऊ नये, आणि तसे देणगीपत्रातच लिहून घ्यावे.