धक्का कोणी खायचा?

मोबाईलच्या दुकानात नवा फोन हातात आला की गिऱ्हाईक आधी तो तळहातावर तोलून बघतं. मग पाठीवर नखाने टिचकी मारतं आणि विचारतं, "भाऊ, बॉडी मेटलची आहे ना?" नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरच्या बाजारात हा प्रश्न वर्षानुवर्षं ऐकू येतो आहे. "नाही, प्लास्टिक आहे" असं उत्तर आलं की फोन काउंटरवर परत ठेवला जातो. कॅमेरा चांगला असो, बॅटरी मोठी असो, प्लास्टिक म्हटलं की तो हलका आणि तकलादू ठरतो. धातू म्हटलं की मजबूत.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. आपल्या घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांनी धातूवर विश्वास ठेवायला शिकवलं, आणि त्यांनी तो विश्वास कमावला होता. घागर हातातून सुटली तर तिला पोचा यायचा, पण ती फुटायची नाही. कल्हई उडाली तर कल्हईवाला दारात यायचा, भोक पडलं तर डाग लावून मिळायचा. आणि अगदीच निकामी झाली तर मोडीत वजनावर पैसे यायचे. कित्येक बायकांसाठी पितळेची भांडी हेच अडीअडचणीचं धन होतं. मार सोसणं, दुरुस्त होणं आणि शेवटी मोल परत देणं, अशी तीन वचनं धातू पाळत होता.

धातूच्या फोनने यातली किती पाळली? त्याच्या चौकटीत अॅल्युमिनियम असतं ते काही तोळे. मोडीत त्याला किंमत नाही. दुरुस्तीची गोष्ट पुढे येईलच. उरलं पहिलं वचन, मार सोसण्याचं. तेही तो अर्धंच पाळतो.

फोनच्या मजबुतीचा प्रश्न आता हौसेचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतात काय पेरलं आहे याची नोंद फोनमधून, बांधावर उभं राहून, फोटो काढून करायची पद्धत आली. सावनेर हा कापसाचा आणि संत्र्याचा तालुका. इथल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरच्या पीकनोंदीचा धागा आता त्याच्या खिशातल्या काचेच्या तुकड्यातून जातो. बाजारातला हिशेब, बँकेचा ओटीपी, पोराचा अभ्यास, सगळं त्याच खिशात. ऐन मोक्याच्या दिवशी फोन बंद पडला, तर नुकसान वस्तूच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं असतं. म्हणून फोन कशाने टिकतो याचा विचार गांभीर्याने केला पाहिजे.

छातीच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे सव्वा मीटरवरून, फोन पडला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १८ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग क्षणार्धात शून्य होतो आणि त्याची ऊर्जा कुठेतरी जावीच लागते. अॅल्युमिनियम पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकपेक्षा जवळजवळ तीसपट ताठ असतं. ताठ वस्तू कमी दबते, म्हणून ती झटक्यात थांबते, आणि जितक्या झटक्यात थांबावं तितका धक्का मोठा बसतो. धातूच्या चौकटीला कोपऱ्यात बारीक पोचा येतो आणि बाकीचा धक्का ती शेजारच्या काचेकडे ढकलते. प्लास्टिक क्षणभर वाकतं, दबतं, पुन्हा जागेवर येतं. धक्क्याचा बराच भाग ते स्वतःच पचवतं.

२००३ साली आलेला नोकिया ११०० आठवून बघा. प्लास्टिकचं अंग, धूळ जाऊ नये असा रबरी कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. तो पडला की पाठीचं झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. तिन्ही तुकडे गोळा करून बसवले की फोन पुन्हा सुरू. पाहणाऱ्याला ते मोडणं वाटायचं. खरं तर सुटून जाण्यातच त्याचा बचाव होता, कारण धक्क्याची ऊर्जा त्या तुकड्यांबरोबर बाहेर निघून जायची. विहिरीवरच्या मोटारपंपाचा फ्यूज उडतो तेव्हा फ्यूज कच्चा होता असं कोणी म्हणत नाही. फ्यूज उडाला म्हणून मोटार वाचली, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं.

मजबुतीचा खरा प्रश्न मला इथे सापडतो. धक्का आज ना उद्या बसणारच आहे. मग तो कोणी खायचा? चांगल्या वस्तूत हे आधीच ठरवलेलं असतं, आणि धक्का खाणारा भाग स्वस्त, सुटा आणि कुठेही मिळणारा असतो. आजच्या फोनमध्ये तो खातो पडदा, जो फोनमधला सर्वांत महागड्या भागांपैकी एक आहे. "काकाजी, फोल्डर गेला" हे पडदा गेल्याचं दुकानदाराचं वाक्य ऐकताना गिऱ्हाईकाच्या पोटात खड्डा पडतो तो यामुळेच. कोपऱ्यावरचा पोचा कोणाला रडवत नाही.

धातूच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ताठ चौकटीचा फायदा वाकताना कळतो. मागच्या खिशात फोन ठेवून दुचाकीवर किंवा बाकावर बसलं की फोनवर पिळा पडतो. प्लास्टिकची पातळ चौकट असेल तर तो पिळा काचेला आणि आतल्या बोर्डाला सोसावा लागतो. पण धातू वापरला म्हणून काम झालं असंही नाही. २०१४ साली अॅपलचा आयफोन ६ प्लस खिशात वाकल्याच्या तक्रारी जगभर गाजल्या. त्याचंही अंग अॅल्युमिनियमचंच होतं. पुढच्या वर्षीच्या फोनसाठी कंपनीने जस्त मिसळलेला अधिक कठीण मिश्रधातू घेतला. म्हणजे 'धातू' हे उत्तर अपुरं आहे. कोणता धातू, किती जाड, कुठे जाड, हे विचारावं लागतं.

धातूंमध्ये किती फरक असतो हे सावनेर तालुक्याला वेगळं सांगायला नको. खाप्याजवळ गुमगावला 'मॉयल' कंपनीची मँगनीजची खाण आहे. हे मँगनीज पोलादात किती टाकायचं यावर पोलादाचा स्वभाव ठरतो. १८८२ साली रॉबर्ट हॅडफिल्ड या इंग्रज धातुतज्ज्ञाने पोलादात बारा-तेरा टक्के मँगनीज मिसळून बघितलं आणि मार बसेल तसा पृष्ठभाग आणखी कठीण होत जाणारं पोलाद हाती आलं. रेल्वेच्या रुळांच्या क्रॉसिंगमध्ये आणि गिट्टी फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांत ते आजही वापरतात. फोनमधलं अॅल्युमिनियम या कुळातलं नाही. ते हलकं असतं, दिसायला देखणं असतं, यंत्रावर सुबक कोरता येतं. त्याच्याकडून क्रशरच्या जबड्याची अपेक्षा करणं चूक आहे. प्लास्टिकचंही तसंच. संत्र्याच्या सालीतलं तेल थर्माकोल विरघळवतं, आणि पोलिसांच्या हातातली दगड झेलणारी पारदर्शक ढाल पॉलिकार्बोनेटची असते. दोन्ही प्लास्टिकच.

कोणता पदार्थ चांगला, हे जागाही ठरवते. सावनेरच्या भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत कोळसा खाणी आहेत. खाणीत मिथेन वायू साठण्याचा धोका असतो, त्यामुळे खाली जाणारं प्रत्येक विजेचं उपकरण ठिणगीपासून सुरक्षित असावं लागतं. साधा मोबाईल तिथे चालत नाही. अॅल्युमिनियमबाबत तिथे आणखी एक भीती आहे. गंजलेल्या लोखंडावर ते जोरात आपटलं तर रासायनिक क्रियेने अतिशय तप्त ठिणगी उडते आणि ती वायू पेटवू शकते. जुने सुरक्षा-दिवे पितळेचे असत आणि आज खाणकामगाराच्या डोक्यावरची टोपी आणि दिव्याची खोळ प्लास्टिकची असते. बाजारात ज्याला तकलादू म्हणून नाव ठेवलं जातं, त्याच्या भरवशावर माणूस जमिनीखाली पाळी करून वर येतो.

खाणीच्या तोंडाशी वर आलं की दुसरी कसोटी उभी असते, उन्हाची. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाण्याचं कोणाला नवल वाटत नाही. अॅपलसारखी कंपनी स्वतःच सांगते की फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. अॅल्युमिनियम प्लास्टिकच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेतं, हा धातूचा मोठा गुण मानला जातो, आणि तो खराही आहे. आतली चिप तापली की धातूची पाठ ती उष्णता पसरवते आणि हवेत सोडते. पण हवाच तापलेली असेल तर सोडणार कुठे? आतल्या आणि बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकीच उष्णता बाहेर पडते. मे महिन्याच्या दुपारी हा फरक फार थोडा उरतो, आणि उघड्या उन्हात धरलेली धातूची पाठ बाहेरची उष्णताही तितक्याच तत्परतेने आत पोचवते. पडदा आपोआप अंधूक होतो, फोन अडखळू लागतो. लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेने सर्वांत लवकर झिजतं. बॅटरी फुगून पाठीचं पॅनल उचललं गेलेला फोन दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर नेहमीचाच. ही कसोटी पुस्तकातल्या थंड हवेत घेऊन चालणार नाही. ती आपल्या उन्हात घ्यायला हवी.

आणि लोकांनी याचा निकाल कधीच लावून टाकला आहे. धातूचा, काचेच्या पाठीचा महागडा फोन घेतला की त्याच दुकानात, त्याच मिनिटाला, त्यावर शंभर-दोनशे रुपयांचं मऊ प्लास्टिकचं कव्हर चढतं आणि पडद्यावर टेम्पर्ड ग्लास बसते. ज्या धातूसाठी जास्तीचे पैसे मोजले तो त्या दिवसापासून दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि उष्णता सोडण्याचा त्याचा गुणही कव्हरखाली दबतो. धक्का खाण्याचं काम अखेर प्लास्टिककडेच येतं. ते कव्हर पिवळं पडतं, फाटतं, बदलतं. फोन राहतो. वापरणाऱ्यांनी आपला फ्यूज आपणच शोधून काढला आहे. माझ्या दृष्टीने हे सामान्य माणसाचं मोठं तांत्रिक शहाणपण आहे. जे काम बनवणाऱ्याने करायचं, ते वापरणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने केलं.

बनवणाऱ्यांना ते जमत नव्हतं असंही नाही. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ बघा. पाठ प्लास्टिकची, नखाने उघडणारी, बॅटरी हाताने निघणारी, आणि तरीही एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असं त्याचं मानांकन होतं. पाणी आत जाऊ द्यायचं नसेल तर फोन चिकटवून बंदच करावा लागतो, हे म्हणणं त्या एका फोनने खोटं ठरवलं होतं. पण त्याच्या प्लास्टिकच्या पाठीला समीक्षकांनी आणि गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. पुढच्या वर्षी एस ६ आला तो धातू आणि काचेचा, चकचकीत. बॅटरी आत बंद झाली आणि पाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. श्रीमंती दिसण्यासाठी आपण मोजलेली ही किंमत होती, आणि ती आपल्या पसंतीनेच ठरली, कंपनीने एकटीने नव्हे.

तेव्हापासून फोनचं खरं मरण पडण्यात राहिलेलं नाही. तो मरतो तो बॅटरी थकल्यावर ती डिंकाने चिकटवलेली असते म्हणून, चार्जिंग पिनचा सुटा भाग मिळत नाही म्हणून, किंवा कंपनीने सॉफ्टवेअर देणं थांबवल्यावर बँकेचं अॅप चालेनासं होतं म्हणून. या तीन मरणांपुढे धातू आणि प्लास्टिक दोन्ही सारखेच हतबल आहेत. अंग शाबूत आणि जीव गेलेला, असे फोन घराघरांतल्या खणांत पडून आहेत. यात पैशाची नासाडी आहेच, निसर्गाचीही आहे. फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरताना होत नाही, तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राची चिमणी ज्यांना रोज दिसते, त्यांना विजेमागचा कोळसा समजावून सांगावा लागत नाही. बनलेला फोन दोन वर्षं जास्त चालवणं हा कोळसा वाचवण्याचा सरळ मार्ग आहे.

म्हणून टिकाऊपणाची मागणी पदार्थापाशी थांबता कामा नये. ती कायद्यापर्यंत गेली पाहिजे, आणि जगात ती जाऊ लागली आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून फोनवर दुरुस्ती किती सोपी याचे गुण छापणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाचे नियम २० जून २०२५ पासून लागू झाले. विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षं सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे, आणि ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं आणि दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल २०२५ मध्ये सरकारच्या हाती आला. त्याला सक्तीचं बळ मिळावं, आणि भारतासाठीच्या निकषांत विदर्भातलं ऊन मोजलं जावं, ही मागणी आपण केली पाहिजे. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपनीच्या शहरातल्या केंद्रापुरती न राहता तालुक्याच्या दुकानापर्यंत यावी, हाही त्याच मागणीचा भाग. तिथे भिंगाखाली डोळा लावून, गरम हवेच्या बंदुकीने डिंक सोडवत बसलेला तरुण आजच्या काळाचा कल्हईवाला आहे. त्याच्या हातात भाग आणि ज्ञान पोचलं, तरच धातूचं दुसरं वचन पुन्हा पाळलं जाईल.

काउंटरवरचा प्रश्न बदलला तर बनवणाऱ्यांनाही बदलावं लागेल, जसं ते एकदा आपल्या हौसेपायी बदलले. "मेटल आहे ना?" ऐवजी विचारू या: बॅटरी बदलून मिळते का, पडदा केवढ्याला, भाग किती वर्षं मिळतील, सॉफ्टवेअर कधीपर्यंत? या प्रश्नांची नीट उत्तरं देणारा फोन प्लास्टिकचा असला तरी तो निःसंकोच घ्यावा. ज्याच्याकडे उत्तरं नाहीत, त्याचं अंग पोलादाचं असलं तरी तो पक्का नाही.