शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असें आपण सहज म्हणतों. गृहिणी पळीनें दोन शितें काढते, बोटांनीं चेपून पाहते आणि सबंध पातेल्याविषयीं निर्णय देते. तो बहुधा चुकत नाहीं. कारण आंच प्रत्येक शितापर्यंत सारखी पोंचलेली असते. समाजाचें पातेलें असें सारखें शिजत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील खानापूर-आटपाडीकडे घरोघर जाऊन मोजणी केली, तर सोनें-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठीं परप्रांतीं गेलेले तरुण तींत सांपडणार नाहींत. सातारा जिल्ह्यांतील पाटण-जावळीकडे केली, तर मुंबईस माथाडीच्या कामावर गेलेले पुरुष सांपडणार नाहींत. जीं शितें पातेल्यांतच नाहींत, त्यांची परीक्षा कशी करावी?

एच्.आय्.व्ही.च्या मोजणींत हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाहीं. १९९८ सालापासून भारतभर ही मोजणी पद्धतशीरपणें होऊं लागली. ठराविक दवाखान्यांत येणाऱ्या गर्भवतींचें, दुसऱ्या तपासणीसाठीं घेतलेलें रक्त नांव पुसून तपासावें, आणि ठरलेली संख्या भरेपर्यंत क्रमानें येईल तिला धरावें, अशी रीत होती. २००६ सालच्या सुमारास देशांतील बाधितांची संख्या ५२ लाखांच्या घरांत सांगितली जात असे. पुढें तपासणीचीं ठिकाणें वाढलीं, २००५-०६ च्या कौटुंबिक आरोग्य पाहणींत एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांचें रक्त तपासलें गेलें, आणि २००७ सालीं तोच आंकडा सुमारें २५ लाखांवर आला. रोग एका वर्षांत निम्मा झाला नव्हता; शितें निराळ्या ठिकाणचीं घेतलीं गेलीं होतीं.

सुईनें अमली पदार्थ टोंचून घेणारा मनुष्य मात्र या दोन्ही जाळ्यांतून निसटतो. प्रसूतीच्या दवाखान्यांत तो येत नाहीं, आणि घरीं आलेल्या परक्यास आपलें व्यसन सांगत नाहीं. कारण १९८५ च्या कायद्यानें तें सेवनच गुन्हा ठरविलें आहे. अशांसाठीं डग्लस हेकथॉर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९९७ सालीं एक युक्ति मांडली. आरंभीं थोड्यांस तपासावें. प्रत्येकास बहुधा तीन चिठ्ठ्या द्याव्या. त्यानें त्या सोबत्यांस द्याव्या, सोबत्यांनीं पुढें आपल्या सोबत्यांस. येणाऱ्यास मोबदला, आणणाऱ्यासही मोबदला. ‘तुझ्या ओळखीचे असे किती?’ हेंही विचारतात. कारण ज्याचा गोतावळा मोठा, त्याच्यापर्यंत चिठ्ठी पोंचण्याचा संभव अधिक, म्हणून हिशेबांत त्याचें वजन कमी धरावें लागतें.

युक्ति चतुर आहे. पण येथेंच नीतीचा प्रश्न उभा राहतो. ज्याला संध्याकाळच्या पुडीची विवंचना आहे, त्याच्या हातावर पैसे ठेवून मिळविलेला होकार खरा मानावा काय? मित्रास चिठ्ठी देतांना तो मित्राचें हित पाहतो, कीं मित्राच्या गुपिताचें मोल घेतो? उलट, व्यसनी म्हणून त्याच्या वेळास किंमतच नाहीं असें ठरविणें हाही अपमानच. मोबदला द्यावा, मात्र तो श्रमाचा असावा, संमतीची खरेदी करणारा नसावा.

यावर असें उत्तर मिळतें कीं, नांव पुसल्यावर कोणाचीच हानि होत नाहीं. हें निम्में खरें आहे. नांव नाहीं म्हणून अब्रू वांचते. पण नांव नाहीं म्हणूनच निकालही त्या माणसाकडे परत जाऊं शकत नाहीं. एप्रिल २००४ पूर्वीं सरकारकडून या रोगावरील औषध मोफत मिळत नव्हतें, तोंवर या मौनाचें थोडेंफार समर्थन करतां येई. औषध मिळूं लागल्यावर तेंच मौन ऋण झालें. २०१७ च्या कायद्यानें निनावी पाहणीपुरती संमतीची अट सोडली आहे. पाहणीचा हेतु सांगण्याचें बंधन मात्र ठेवलें आहे. कायदा तेथें थांबला तरी सदाचारानें थांबूं नये. निनावी मोजणीच्या दाराशेजारींच, ज्यास आपला निकाल हवा असेल त्याला तो गुप्तपणें मिळेल, असें दुसरें दार उघडें असलें पाहिजे.

सातारा-सांगलीकडे हा रोग मुख्यतः सुईवाटे नव्हे, शरीरसंबंधांतून पसरला. परंतु लपलेल्यांशीं कसें वागावें, याचा धडा याच कृष्णाकांठीं मिळाला आहे. १९९२ सालीं सांगलींत ‘संग्राम’ संस्थेचें काम सुरू झालें. गोकुळनगरांतील वेश्यांस रोगाचें कोठार न समजतां, निरोध वांटण्याचें व समजावून सांगण्याचें काम त्यांच्याच हातीं आलें. १९९६ सालीं त्यांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. जिला मोजावयाचें, तिलाच ‘हा आंकडा कोणासाठीं?’ असें विचारण्याचें बळ आलें म्हणजे मोजणीस नीतीचा पाया मिळतो.

शीत चेपलें तर त्याला दुखत नाहीं, आणि भात शिजण्यांत हित असतें तें जेवणाऱ्याचें. माणसाची परीक्षा करतांना हा क्रम उलटा करावा लागतो. ज्याला चेपून पाहिलें, पहिलें पान त्याच्यासाठींच मांडलें पाहिजे. स्वच्छ सुई, औषध आणि अब्रू त्याच्या पानांत आधीं वाढलीं पाहिजेत. तेवढी तयारी नसेल, तर त्याच्याकडून आंकडा मागण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?