सोबतीच्या कामातील आत्मौपम्य



चार माणसे एका कामाला लागली की तेथे एक प्रश्न उभा राहतोच. कोणाचा हात झपाट्याने चालतो, कोणी मागे राहतो. मागे राहिलेल्याची कणव करावी की कामाचा हिशेब पाहावा? आजची कार्यालये आणि कारखाने यांतही हाच प्रश्न आहे. पुष्कळ जण म्हणतात, ‘महाराज, दया देवळात ठीक आहे. कामाच्या जागी एकावर दया केली तर ती बाकीच्यांवर अन्याय होते.’ हा आक्षेप हलका नाही. त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

आपल्या भंडारा जिल्ह्यातली धानाची रोवणी डोळ्यांपुढे आणा. पाऊस अंगावर घेत बाया बांधीत ओळीने वाकलेल्या असतात. हातात पऱ्हे, पायाखाली चिखल, आणि ओळ मागे मागे सरकत असते. काम एकराच्या हिशेबाने ठेक्यावर घेतलेले असेल आणि मजुरी सगळ्यांत सारखी वाटायची असेल, तर एकीचा हात मंदावला की सगळ्यांचेच नुकसान. अशा वेळी शेजारची बाई काही न बोलता हात लांबवून तिच्या वाटची दोन-चार रोपे लावून टाकते आणि ओळ सरळ राहते. पण तीच बाई कामचुकार सोबतिणीला चांगली खडसावतेही. बांधावर उभ्या असलेल्या मालकाला फक्त ओळ वाकडी झालेली दिसते. कोणाला रात्रभर ताप होता, कोणाचे गुडघे धरले आहेत आणि कोण नुसता वेळ काढते आहे, हे बाजूला वाकलेल्या बाईलाच ठाऊक असते.

आक्षेपाचे उत्तर येथेच आहे. अशक्त आणि आळशी हे दोघे लांबून सारखेच दिसतात. जवळ गेल्यावाचून त्यांतला भेद कळत नाही. तेव्हा दुसऱ्याचे दुःख जाणणे हे न्यायाच्या आड येत नाही; न्याय करायलाही आधी ती जाण लागते. जाणीव नसलेला न्याय म्हणजे डोळे मिटून केलेली मोजणी होय.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी यासाठी आत्मौपम्य सांगितले आहे. आपल्याच उपमेने दुसऱ्याकडे पाहावे, असा त्याचा भाव. हे माप फार चोख आहे. माझी चूक झाली तर ती कोणी दाखवू नये, असे मला वाटते काय? नाही. दाखवावी, पण चारचौघांत लाज काढून नव्हे, एवढेच मला वाटते. मग सोबत्यालाही तेच माप लावावे. आत्मौपम्य म्हणजे चुकांवर पांघरूण घालणे नव्हे.

आणि तेथे भगवंतांनी दुःखाबरोबर सुखाचाही उल्लेख केला आहे, हे आपण विसरतो. सोबत्याच्या घरी दुःख झाले तर सारे कार्यालय भेटायला जाते. त्याच सोबत्याला बढती मिळाली की किती जणांचे मन निर्मळ राहते? दुसऱ्याच्या दुःखात रडणे त्या मानाने सोपे असते. त्याच्या सुखात आपला वाटा नसताना सुखी होणे, ही खरी कसोटी आहे.

वारकरी कीर्तनातही हाच धर्म चालतो. श्रोत्यांना वाटते की कीर्तन एकट्याचे असते. पण कीर्तनकाराचा दम कोठे संपणार, हे टाळकऱ्याला आधी कळते, आणि नेमक्या त्या जागी तो ध्रुपद उचलतो. कीर्तनकारानेही पट्टी धरताना केवळ आपलाच गळा पाहू नये, मागे उभ्या असलेल्यांचा गळा पाहावा. हे एकमेकांना जपणे नसेल तर विद्वत्ता कितीही असो, रंग भरत नाही.

जनाबाईंची कथा तर लहान पोरालाही ठाऊक आहे. नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करणारी ती दासी. देव तिला भेटला तो उपदेश करायला नव्हे. त्याने जात्याचा खुंटा धरला. ज्याला जगाचा स्वामी म्हणायचे तो दासीच्या समोर बसून दळू लागला. हळहळ व्यक्त करणे आणि खुंट्याला हात लावणे यांत जे अंतर आहे, ते या कथेत दिसते.

दुसरी कथा चोखोबांची. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गेले. परंपरा तो काळ शके 1260, म्हणजे इ.स. 1338 असा सांगते. नामदेवराय तेथे गेले, विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकून त्यांनी चोखोबांच्या अस्थी ओळखल्या आणि पंढरीस आणून महाद्वारापुढे समाधी दिली.

आपल्या जिल्ह्यानेही असा दिवस पाहिला आहे. 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि कामगारांचे प्राण गेले. त्याची कारणे शोधणे हे जाणकारांचे काम. त्यावरून मी कोणाला बोल लावत नाही. पण जेथे बारूद आहे, यंत्र आहे, उंच परांची आहे, तेथे शेजाऱ्याचा हात आज का थरथरतो, त्याला झोप मिळाली होती का, हे पाहणे केवळ सौजन्य राहत नाही. ते कामाचेच अंग होते. आणि ‘आज मला बरे नाही’ असे सांगायला सोबत्याला भीती वाटू नये, ही जबाबदारी वरच्या माणसाची आहे.

नामदेवरायांनी अस्थींतून सोबती ओळखला. आपला अधिकार तेवढा नाही. पण रोज आठ तास शेजारी बसणाऱ्या जिवंत माणसाचा उतरलेला चेहरा तरी आपल्याला ओळखता यावा, आणि ओळखल्यावर हात खुंट्याकडे जावा. एवढे साधले तरी कामाची जागा पंढरीच्या वाटेवर आली म्हणावी.

रामकृष्णहरी.