मकपेलाचा उतारा

शास्त्रपाठ : उत्पत्ती २३:१-२०, ४९:२९-३३, इब्री ११:८-१६



उत्पत्तीच्या पुस्तकातील तेविसावा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्याच्या अगोदर मोरिया डोंगरावरील इसहाकाच्या अर्पणाचा वृत्तांत आहे, पुढे रिबकेच्या सोयरिकीची गोड कथा आहे. मधल्या या वीस वचनांत देव एकदाही बोलत नाही, कोणाला स्वप्न पडत नाही, वेदी बांधली जात नाही. एक वृद्ध मनुष्य मयत पत्नीजवळून उठतो आणि नगराच्या वेशीत जाऊन जमिनीचा व्यवहार करतो, एवढाच मजकूर. उपदेशकही बहुधा हा अध्याय ओलांडून पुढे जातात. परंतु आपल्या विश्वासाच्या मूळपुरुषाने कनानात केलेल्या खरेदीची एकमेव नोंद ती हीच, आणि ती एखाद्या चांगल्या कारकुनाने लिहावी इतकी नेटकी आहे.

तिच्यात काय काय आहे ते पाहा. घेणारा अब्राहाम. देणारा सोहराचा मुलगा एफ्रोन हित्ती. ठिकाण मम्रेसमोरचे मकपेला. मिळकत म्हणजे शेत, त्यातील गुहा आणि शेताच्या चतुःसीमेच्या आतील सर्व झाडे. किंमत चारशे शेकेल रुपे, व्यापाऱ्यांत चालणाऱ्या वजनाने तोलून दिलेले. साक्षीदार, वेशीत येणारे जाणारे सर्व हेथी. आपल्याकडील जुन्या सनदांत जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह जमीन दिल्याचे लिहीत असत. येथील झाडांचा उल्लेख वाचताना त्याच दप्तरी हाताची आठवण होते.

आता वयाचा हिशेब करा. अब्राहाम हारानाहून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. सारा त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि ती १२७ वर्षांची होऊन मरण पावली. म्हणजे या व्यवहाराच्या दिवशी अब्राहामाचे वय १३७ होते आणि त्याला कनानात येऊन ६२ वर्षे झाली होती. हा सर्व देश तुझ्या संततीला देईन असे अभिवचन ज्याला मिळाले, त्याच्या नावावर ६२ वर्षांनंतर जे लागले ते एक शेत, आणि तेही कबरेसाठी! दप्तर पाहणाऱ्या परक्या अधिकाऱ्याने या मनुष्याविषयी काय मत केले असते? मोठा कळप, पुष्कळ गडी, आणि जमीन म्हटली तर एक दफनभूमी. अभिवचन आणि उतारा यांच्यामधील या अंतरातच अब्राहामाचा विश्वास राहत होता, आणि ते अंतर उताऱ्यात लिहिलेले नसते.

हेथ्यांनी त्याला आपल्या उत्तम कबरांपैकी हवी ती देऊ केली होती. एफ्रोनाने तर तोंडाने शेतच देऊन टाकले. अब्राहामाने दोन्ही नाकारले व सांगितलेली किंमत घासाघीस न करता मोजली. यात मला त्याची दूरदृष्टी दिसते. दुसऱ्याच्या कबरेत पाहुणा म्हणून ठेवलेल्या मृताची नोंद राहत नाही. तोंडी दिलेले दान देणाऱ्याच्या नातवाला आठवत नाही. त्याच्याच हयातीनंतर काय झाले ते पाहा : त्याने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या, आणि इसहाकाला त्या पुन्हा उकरून त्यांना बापाने ठेवलेलीच नावे द्यावी लागली (उत्पत्ती २६:१८). विहीर बुजते, मकपेलाचा व्यवहार मात्र चारचौघांत झालेला होता.

जमिनीचा कागद असा, तर घराण्याची नोंद काय सांगते? तेरह, त्याचे तीन पुत्र, खास्द्यांचे ऊर, हारान. उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायातील ही वंशावळ एका गोष्टीबाबत मौन पाळते, आणि ती गोष्ट यहोशवाने शखेमात सर्व लोकांसमोर सांगितली : तुमचे पूर्वज, अब्राहामाचा बाप तेरहसुद्धा, महानदीच्या पलीकडे अन्य देवांची सेवा करीत होते (यहोशवा २४:२). पुढे नियमच झाला की, शेताचा प्रथमउपज टोपलीत घालून आणणाऱ्या प्रत्येकाने आपला पूर्वज भटका अरामी होता, हे याजकासमोर उच्चारावे (अनुवाद २६:५). आपल्या मूळपुरुषाची हीन स्थिती लपविण्याची नव्हे, तर नव्या पिकाच्या टोपलीबरोबर ती मोठ्याने सांगण्याची आज्ञा होती.

हे वचन आपल्या घरापर्यंत येते. इंदूर, जबलपूर, हैदराबाद, बडोदे, दिल्ली असे जिथे जिथे मराठी ख्रिस्ती कुटुंब पोहोचले, तिथे तिथे आज कोणी ना कोणी आपल्या पहिल्या ख्रिस्ती पूर्वजाचा शोध घेत आहे. अमेरिकन मिशनचे कार्य १८१३ साली मुंबईत व १८३१ साली अहमदनगरात सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघू लागला. मंडळ्यांच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या तारखा आहेत. पण नोंदवहीतील एका ओळीने समाधान होत नाही. तो राहत कोठे होता, कसत काय होता, बाप्तिस्म्यानंतर त्या जमिनीचे काय झाले, हे विचारण्यासाठी तलाठ्याच्या दप्तरापर्यंत जावे लागते.

तेथे धीर लागतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी १९०३च्या कायद्याने आली, तेव्हा त्यापूर्वी निवर्तलेल्या पूर्वजाला सातबाऱ्यावर शोधणे व्यर्थ आहे. त्याच्यासाठी इंदापूर तालुक्यात १८३६ साली आरंभ झालेल्या पाहणी व जमाबंदीच्या परंपरेतील जुने कागद पाहावे लागतात, आणि त्या काळातील पुष्कळसे लेखन मोडीत आहे. निजामाच्या राज्यात गेलेल्यांचे कागद उर्दूत असू शकतात. रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी त्या राज्यात जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसविली आणि तिला बेथेल हे नाव दिले, ते अब्राहामाने जेथे तंबू दिला त्याच ठिकाणाचे. जुने फेरफार सापडले तर ते ओळीने वाचावेत. उताऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस करीत व बाजूला फेरफाराचा क्रमांक लिहीत. तो क्रमांक धरून मागे गेले की नाव का कमी झाले ते कळते : कोठे विक्री, कोठे वाटणी, कोठे वारस.

काही घराण्यांच्या कागदांत त्या कंसाचे कारण मनाला चटका लावते. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क जाऊ नये म्हणून १८५० साली कायदा झाला खरा. पण कायदा झाला म्हणून भाऊबंदांनी बांध खुला केला असे नव्हे. शिवाय १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २६व्या कलमाने, धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू नातलगांच्या मिळकतीला वारस होत नाहीत असे ठरविले. म्हणून एखाद्या गावी चुलत घराण्याकडे चाळीस एकर आणि आपल्याकडे केवळ एक बाप्तिस्म्याचा दाखला असे आढळले, तर वाचणाऱ्याने चटकन खंत करू नये. ६२ वर्षांनंतर मकपेलाचे शेत घेणाऱ्या मनुष्याला तो दाखला ओळखीचा वाटला असता.

दुसरी परीक्षा याहून सूक्ष्म आहे. शोधणाऱ्याच्या मनात बहुधा एक पूर्वज आधीच तयार असतो : शास्त्री, पाटील, निदान कुलकर्णी. आणि दप्तरातून बाहेर येतो तो महार वतनाचा धनी, गावकीच्या कामाला बांधलेला. ही वतने १९५८च्या कायद्याने संपुष्टात आली, परंतु ती लपविण्याची खोड अद्याप गेलेली नाही. काही कुटुंबांत हा कागद सापडताच शोध थांबतो व जुनी दंतकथाच पुढील पिढीला सांगितली जाते. प्रथमउपजाची टोपली घेऊन आलेला इस्राएली मनुष्य मात्र भटक्या अरामी पूर्वजाचे नाव याजकासमोर घेत होता! वेठीच्या कामातून उठून ज्याने देवाच्या पुत्राला प्रभू म्हटले, त्याच्याइतका थोर मूळपुरुष कोणत्या घराण्याला लाभला असेल?

दंतकथा आणि कागद यांचा मेळ बसत नाही तेव्हा काय करावे? याही बाबतीत शास्त्र आपल्याला एकटे सोडत नाही. स्तेफनाने न्यायसभेपुढे केलेल्या भाषणात, अब्राहामाने हमोराच्या मुलांपासून शखेमात कबर विकत घेतली असे म्हटले आहे (प्रे. कृत्ये ७:१६). उत्पत्तीत मात्र शखेमातील जमीन याकोबाने घेतली व अब्राहामाने हेब्रोनजवळची. टीकाकारांनी यावर नाना स्पष्टीकरणे दिली आहेत, त्यांत येथे शिरत नाही. आजी-आजोबांच्या मुखातून आलेल्या आठवणीत दोन शेते एक होतात, हे ज्याने घरचा इतिहास विचारला आहे त्याला सांगावे लागत नाही. तेवढ्याने आजी खोटी ठरत नाही. तिने शेत चुकविले असेल, पण कोणाच्या अस्थी कोणत्या आशेने ठेवल्या हे तिला ठाऊक असते, आणि त्याच भाषणात स्तेफनाने सांगितले आहे की, देवाने अब्राहामाला या देशात पाऊलभरसुद्धा वतन दिले नाही.

ज्यांना काहीच सापडत नाही, त्यांच्यासाठी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात काही घराणी आहेत. बाबेलातून परतलेल्यांत बर्जिल्लयाच्या नावाचे याजक होते. त्यांनी वंशावळीत आपली नोंद शोधली आणि ती मिळाली नाही. त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले, उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत. निर्णय कठोर होता. तथापि त्यांना कोणी बाबेलास परत पाठविले नाही. ती घराणीही त्याच वाटेने यरुशलेमेस आली होती, आणि त्यांची नावे, कागद नसलेल्यांची म्हणून का होईना, त्याच पुस्तकात लिहिलेली आहेत.

आणखी एक गोष्ट. आपल्या घराघरांत जपलेल्या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच असतात. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. नोंदवहीतही पुष्कळदा स्त्री अमक्याची पत्नी म्हणूनच येते. आश्चर्य असे की, ज्या दप्तराला आपण रुक्ष म्हणतो त्यात तिचे नाव सापडते. १८६५च्या व पुढे १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती मनुष्याच्या विधवेला व मुलींनाही वाटा दिला, मुलींचा मुलांच्या बरोबरीने. म्हणून वारसनोंदीच्या फेरफारात आजीची व आत्यांची नावे उतरतात. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत तीही त्यांनी मोशेपुढे जमीन मागितली म्हणूनच (गणना २७). त्या आत्यांच्या नावापुढे पुष्कळदा लागलीच हक्कसोडीची नोंद असते. ती त्यांनी कोणत्या मनाने दिली हे दप्तर सांगत नाही. ते त्यांच्या लेकीबाळींना विचारावे, अद्याप कोणी हयात असेल तर.

मकपेलाच्या नोंदीनेही हेच केले. रिबकेची दाई दबोरा मेली व अल्लोन झाडाखाली पुरली गेली हे उत्पत्तीत लिहिले आहे, परंतु स्वतः रिबका केव्हा मेली हे घराण्याच्या वृत्तांतात कोठेही नाही. लेआच्या मृत्यूविषयीही अवाक्षर नाही. मग मिसर देशात १४७ वर्षांचा याकोब मरणशय्येवर पडतो आणि बारा पुत्रांना जवळ बोलावून तो जुना कागद तोंडपाठ म्हणतो. देश कनान. मम्रेसमोर मकपेला येथील शेत. एफ्रोन हित्ती याच्यापासून अब्राहामाने कबरेसाठी विकत घेतलेले. आणि त्यानंतर आत कोण कोण आहेत ते सांगतो. तेथे अब्राहाम व सारा, ज्यांना इसहाक व इश्माएल या दुरावलेल्या भावांपैकी बापाला पुरण्यासाठी दोघेही एकत्र आले होते. तेथे इसहाक व रिबका. रिबकेच्या कबरेचा पत्ता आपल्याला येथे प्रथम लागतो.

याकोबाची आवडती राहेल एफ्राथाच्या वाटेवर पुरलेली होती, तिच्या थडग्यावर त्याने स्वतः स्तंभ उभा केला होता. मला तिच्याजवळ न्या असे तो म्हणत नाही. नावांची यादी पुरी करताना तो नावडतीचे नाव घेतो : तेथेच मी लेआला पुरले. मग तो आपले पाय बिछान्यावर जवळ ओढून घेतो आणि प्राण सोडतो, आणि त्याचे पुत्र त्याला कनानात नेऊन त्या शेतातील गुहेत, तिच्या शेजारी ठेवतात.