चिंधीचा ताळेबंद

दुसऱ्याच्या पसाऱ्यात माणसाला जी शिस्त सुचते, ती स्वतःच्या पसाऱ्यात कधीच सुचत नाही. माझ्या टेबलाचा खालचा खण मी गेल्या आठ वर्षांत उघडलेला नाही आणि उघडावा असे वाटलेलेही नाही. पण आमच्या मशीनच्या खोलीकडे नजर गेली, की माझ्यातला ऑडिटर खडबडून जागा होतो.

मशीनची खोली म्हणजे सहा फूट बाय आठ फूट. बिल्डरच्या नकाशात तिच्यावर 'स्टोअर' असे लिहिले आहे. आत माझ्या आईचे पायमशीन, एक लोखंडी कपाट आणि उरलेल्या जागेत गाठोडी. मशीन वडिलांनी हप्त्याने घेतलेले. आई गेल्यावर ते आमच्या सौभाग्यवतीकडे आले आणि त्याच्याबरोबर गाठोड्यांचे साम्राज्यही आले. श्रीखंडाच्या डब्यात बटणे, बिस्किटांच्या डब्यात हूक, औषधाच्या बाटलीत सुया. आमच्या घरात श्रीखंडाचा डबा पाहून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटत नाही, ते यामुळे.

मागच्या दिवाळीआधी ही चार दिवस माहेरी गेली आणि मी ठरवले, खोली आवरायची. हेतू उदात्त होता. बिचारीचे कष्ट वाचावेत! यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिलाईयंत्राला माफी दिली होती. सिंगरने ते बायकोचे कष्ट न पाहवून, प्रेमापोटी केले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात सिंगरसाहेबांचे एकाहून अधिक संसार होते आणि यंत्रामागचा हिशेब मुख्यतः पैशाचा होता. बायकोच्या सोयीसाठी म्हणून पुरुष जे काही करतो, त्यामागचा हेतू एकदा तपासून घ्यावा, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

पण मी पडलो बँकेचा माणूस. आम्ही कर्जांचे करतो तसे मी सामानाचे चार ढीग केले. चांगले, दुय्यम, संशयास्पद आणि बुडीत. कात्र्या, टेप, बॉबिनी, कोरे ब्लाउजपीस हे चांगल्यात. अर्धी रिळे दुय्यमात. एक एकटीच शिवलेली बाही संशयास्पदात. आणि चिंध्या सरळ बुडीतात. शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा बाजारभाव, यांतले जे कमी असेल त्याने धरावा, असे आम्हांला कॉमर्सला शिकवले होते. चिंध्यांचा बाजारभाव काय, या विचारात होतो, तोच खालून बोहारणीची आरोळी आली.

"दादा, एवढ्यात पातेलं न्हाई बसत," ती म्हणाली.

शेवटी स्टीलच्या एका वाटीवर सौदा तुटला. बुडीत खात्यात एवढी वसुली झाली असती, तर आमच्या मॅनेजरने पेढे वाटले असते.

ही परत आली तेव्हा रिळे रंगवार लागली होती आणि बटणे भोकांच्या संख्येप्रमाणे. दारात उभी राहून ती म्हणाली, "छान दिसतंय हो!" मी फुगलो. मग तिने कपाटावर पाहिले, मशीनखाली पाहिले.

"अहो, निळ्या नाडीनं बांधलेलं एक गाठोडं होतं इथं."

"चिंध्यांचं?"

"चिंध्याच म्हणा. आईंच्या जांभळ्या नऊवारीचा पदर होता त्यात. मामंजींच्या धोतराचा तुकडा होता. आपल्या मुलीचं पहिलं झबलं होतं. गोधडी शिवायची म्हणून आईंनीच जमवायला सुरुवात केली होती."

मी वाटीकडे पाहिले. तिनेही पाहिले. ती रडली नाही, भांडली नाही. रात्री आमटी मात्र तिने मला त्याच वाटीत वाढली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मनातल्या मनात माझा बचाव मांडत होतो. गाठोड्यावर चिठ्ठी नव्हती. इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. वस्तू वापरायची नाही, तर ठेवायची कशाला? बचाव पक्का वाटत होता. पण उलटतपासणी घेणाराही बँकेतलाच निघाला.

बँकेत खात्यावर दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी फिरकले नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या निधीत जाते. पण पैसा बुडत नाही. खातेदार किंवा त्याचा वारस कागदपत्रे घेऊन उभा राहिला, तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. म्हणजे जिच्यात दयामाया औषधाला सापडत नाही अशी आमची बँकदेखील 'वापरले नाही' आणि 'हक्क सोडला' यांत फरक करते. वीस वर्षे काउंटरवर बसून हाच नियम मी लोकांना समजावतो आहे आणि घरी मात्र आईचे खाते एका वाटीवर बंद करून बसलो.

मग काय, काहीच टाकायचे नाही? तसे केले तर घराचे गोदाम होईल. टाकलेच पाहिजे. पण ती वस्तू काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने टाकावे. बाकीच्यांनी फार तर विचारावे. 'निरुपयोगी' असे आपण म्हणतो तेव्हा वस्तूची माहिती सांगत नसतो, आपल्याला तिची माहिती नाही एवढेच सांगत असतो.

आणि विचारायला असे कितीसे लागले असते? एक फोन. तो मी का केला नाही? याचे उत्तर रात्री दोनच्या सुमारास सापडले. फोन केला असता, तर ती 'नको' म्हणाली असती. हे मला आधीपासून माहीत होते. सिंगरसाहेबांना उगाच नावे ठेवली.

पुढच्या दोन रविवारी मी गॅलरीत बोहारणीची वाट पाहत बसलो. ती आली तेव्हा एवढेच म्हणाली, "दादा, ते कवाच गेलं."

यंदा हिने गोधडी पुरी केली. परवा रात्री ती शेवटचे धावदोरे घालत होती. मधोमध निळ्या चौकड्यांचा एक तुकडा होता. तो कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. एकदम ओळख पटली. बँकेत रुजू झालो त्या दिवशी घातलेला माझा शर्ट!

"अगं, हा माझा शर्ट!"

"दोन काय, दहा वर्षांत घातला नव्हता तुम्ही."

"पण निदान विचारायचं तरी..."

वाक्य मी तिथेच सोडले. ती टाके घालत राहिली. थोड्या वेळाने दाताने दोरा तोडून, वर न बघता म्हणाली, "आईंचं काही उरलं नाही. म्हणून मग आईंच्या मुलाचं घेतलं."

मी काही बोललो नाही. हात फिरवून पाहिला, तर गोधडी चांगली ऊबदार झाली होती.

टेबलाच्या खालच्या खणाला मात्र मी त्याच रात्री कुलूप लावले.